टीएमटीत एकाचं बीपी २१६ गेलं, दुसरीचं १३८ वर आलं: जास्त काळजी कुणाची?

टीएमटी_खोली

टीएमटीचे (पट्ट्यावर चालवून ईसीजी-बीपी बघायच्या ट्रेडमिल टेस्टचे) दोन रिपोर्ट शेजारी ठेवून विचारतोय. दोन्ही ब्रूस प्रोटोकॉलवर, म्हणजे दर तीन मिनिटांच्या स्टेजला वेग आणि चढ वाढवत केलेले.

पहिला: पुरुष, ४८ वर्षं, बीपीची गोळी नाही, ओपीडीत कायम १३०च्या आसपास. उभं राहून १३४/८६. पहिली स्टेज संपताना १७०/८८, दुसरी संपताना १९२/९०, ९ मिनिटं ४० सेकंदांनी दमून थांबले तेव्हा २१६/९४. साधारण १०.५ मेट्स (स्वस्थ बसल्याच्या साडेदहापट श्रम). पल्स १६८. ईसीजीच्या एसटी भागात बदल नाही, छातीत काही नाही. रिकव्हरीत (पट्टा थांबल्यावर) पहिल्या मिनिटाला २०४, तिसऱ्याला १८६.

दुसरा: स्त्री, ६१ वर्षं, मधुमेह, टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन (बीपीच्या गोळ्या) चालू. चालताना धाप लागते म्हणून टेस्ट. उभं राहून १४४/८८. पहिली स्टेज संपताना १५६. दुसऱ्या स्टेजमध्ये पाच मिनिटांच्या सुमारास १३८. धाप वाढली म्हणून ५ मिनिटं २० सेकंदांना पट्टा थांबवला. पल्स १२८. ईसीजीच्या व्ही४ ते व्ही६ या छातीवरच्या लीड्समध्ये दीड मिमी आडवं एसटी डिप्रेशन (एसटीची रेषा खाली गेलेली). छातीत दुखलं नाही. रिकव्हरीत पहिल्या मिनिटाला १४२, तिसऱ्याला १५०.

पहिल्यावर लाल अक्षरात 'हायपरटेन्सिव्ह रिस्पॉन्स' लिहिलंय आणि घरचे घाबरलेत. दुसरीवर लिहिलंय 'टार्गेट हार्ट रेट गाठला नाही, टेस्ट अनिर्णित, बीपी रिस्पॉन्स नॉर्मल, पुन्हा करावी'. मला हे उलटं वाटतंय. जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

---

ओपीडी_सांगली

उलटंच आहे. पहिले गृहस्थ आठवडाभर थांबू शकतात. बाईंचा रिपोर्ट आजच्या आज कार्डिऑलॉजिस्टच्या हातात पडायला हवा.

चढ आणि वेग वाढला की वरचं बीपी वाढलंच पाहिजे. हृदय बाहेर टाकत असलेलं रक्त चार-पाच पटींनी वाढतं. पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या उघडतात म्हणून एकूण अडथळा कमी होतो, पण पंपाचं काम त्याहून जास्त वाढतं, म्हणून वरचं चढतं आणि खालचं तिथंच राहतं किंवा थोडं उतरतं. आता पंपाच्या मोठ्या भागाला ऐन श्रमात रक्त कमी पडलं तर तो भाग नीट आकुंचन पावत नाही. स्नायूंकडच्या नळ्या तर सताड उघड्या आहेत. बाहेर पडणारं रक्त वाढायचं थांबतं आणि बीपी खाली येतं. एका छोट्या फांदीतल्या अडथळ्याने सहसा एवढं होत नाही. म्हणूनच श्रमात बीपी पडलं की डाव्या मुख्य धमनीचा किंवा तिन्ही धमन्यांचा आजार आधी मनात येतो, नाहीतर मुळातच कमजोर झालेला डावा कप्पा.

बाईंचं १५६ वरून १३८ झालं. म्हणजे आधीच्या स्टेजपेक्षा १८ने कमी, आणि उभं राहून घेतलेल्या १४४ च्याही खाली. सोबत एसटी डिप्रेशन. काम वाढत असताना वरचं बीपी १० मिमीहून जास्त पडलं आणि इस्केमियाचा (हृदयाला रक्त कमी पडण्याचा) दुसरा पुरावाही दिसला, तर टेस्ट तिथंच थांबवायची, यात चर्चेला जागा नाही. दुसरा पुरावा नसेल तर थांबवायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. त्यामुळे पट्टा थांबवला ते बरोबर, फक्त थांबवण्याचं कारण रिपोर्टवर चुकीचं आलंय. टार्गेट न गाठल्यामुळे 'अनिर्णित' हा शिक्का निगेटिव्ह टेस्टला लागतो. इथं वयानुसार येणाऱ्या कमाल पल्सच्या ८० टक्क्यांवरच उत्तर मिळालेलं आहे.

सॉफ्टवेअर ड्यूक स्कोअर (टीएमटीवरून धोका सांगणारा आकडा) छापतं, त्याच्यावर विसंबू नका. मिनिटं ५.३, त्यातून एसटीचे मिमी गुणिले ५ म्हणजे ७.५ वजा, छातीत दुखणं शून्य. उत्तर उणे २.२. अधिक ५ किंवा वर असेल तर कमी धोका, उणे ११ किंवा खाली असेल तर जास्त. बाई मधल्या गटात बसतात आणि वाचणारा निवांत होतो. पण या सूत्रात बीपीला जागाच नाही. पडलेलं बीपी वेगळ्या ओळीत, ठळक लिहावं लागतं.

मधुमेहात छातीत न दुखता नुसती धाप लागणं नेहमीचं आहे. त्यामुळे 'दुखलं नाही' याने दिलासा घेऊ नये. पुन्हा टीएमटी अजिबात नको. इको, आणि अँजिओग्राफीचा निर्णय कार्डिऑलॉजिस्टकडे. तोवर जिने, वजनं, जेवून लगेच फिरायला जाणं बंद. बसल्या जागी धाप लागली, घाम फुटला किंवा छाती-जबडा-हात भरून आला तर ओपीडीची वाट न बघता १०८.

एक मात्र आधी सांगा: १३८ हा आकडा एकदाच घेतला होता का?

---

कफ_मोठा_द्या

मीही तेच विचारणार होतो. टीएमटीतलं बीपी चुकायला फार काही लागत नाही, आणि निम्मे 'ॲबनॉर्मल' तिथंच निकालात निघतात.

कफपासून सुरुवात. आतल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के हवी. नेहमीचा ॲडल्ट कफ साधारण २७ ते ३४ सेंमी घेरासाठी असतो, ३५ ते ४४ ला लार्ज ॲडल्ट. जाड दंडावर लहान कफ बांधला की आकडा ५ पासून २० पर्यंत फुगतो. घेर टेपने मोजायचा, नजरेने नाही.

दुसरं, कठडा. पेशंट बार घट्ट आवळून चालत असेल तर दोन घोटाळे एकदम होतात. मुठीच्या ताणाने बीपी वर जातं आणि वजन बारवर गेल्याने प्रत्यक्ष श्रम कमी होतात, पण मशीन मिनिटांवरून मेट्स जास्तच छापतं. तोल जात असेल तर दोन बोटं टेकवू द्या. ज्या हाताचं बीपी घेताय तो हात बारवरून काढून, सैल, हृदयाच्या पातळीवर, तुमच्या हातावर तोलून धरा. हात खाली लोंबत ठेवला तरी आकडा वाढतो.

वेळ. ब्रूसमध्ये दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ बदलतात: २.७ किमी १० टक्के, ४ किमी १२ टक्के, ५.५ किमी १४ टक्के, ६.८ किमी १६ टक्के. स्टेजच्या सव्वादोन मिनिटाला फुगवायला घ्या म्हणजे पावणेतीनपर्यंत आकडा कागदावर येतो. वेग बदलत असताना घेतलेलं रीडिंग कुठल्याच स्टेजचं नसतं. मागच्या आकड्यापेक्षा ५० ते ६० वर फुगवा, कारण वरचं तेवढं चढलेलं असू शकतं. मग सेकंदाला ३-४ मिमीने सोडा. पल्स १६० असेल तर दोन ठोक्यांमध्ये दीडच मिमी उतरतं, पुरेसं अचूक आहे. घाईने १० मिमीने सोडलं तर दर ठोक्याला जवळपास ४ मिमी हुकतात, आणि पट्ट्याच्या खडखडाटात पहिले दोन ठोके ऐकूच येत नाहीत. 'बीपी पडलं' असं वाटण्याचं हे सगळ्यात साधं कारण. स्टेथोची बेल कोपरातल्या ब्रेकियल धमनीवर चिकटपट्टीने आधीच बसवून ठेवा, चालत्या माणसाच्या कोपरात जागा शोधत बसू नका.

खालचं बीपी श्रमात भरवशाचं नाही. पुष्कळांत आवाज शून्यापर्यंत ऐकू येतात. तिथं '०' लिहू नये. आवाज दबका होतो तो आकडा लिहा, नाहीतर सरळ 'खालचं घेता आलं नाही' लिहा.

पेशंट 'बस, थांबवा' म्हणाला की कफ पट्टा चालू असतानाच फुगलेला हवा. थांबल्यावर वीस-तीस सेकंदांत वरचं घसरायला लागतं आणि खरा पीक (सगळ्यात वरचा आकडा) निसटतो. आकडा पडलेला वाटला तर स्टेज बदलू न देता लगेच दुसऱ्यांदा घ्या. दोन्हीवेळा कमी आलं तर खरं माना.

ऑटो मशीनबद्दल: साधं ऑसिलोमेट्रिक (कफमधल्या कंपनांवरून मोजणारं) यंत्र चालत्या दंडावर गोंधळतं. ईसीजीच्या आर वेव्हशी (प्रत्येक ठोक्याच्या उंच टोकाशी) जोडलेला मायक्रोफोन असलेली यंत्रं बरी. तरी विचित्र आकडा आला की कानानेच खात्री करा.

अजून एक फसवी घसरण असते. टेस्टच्या भीतीने आडवं असताना १६५ असतं, पट्ट्यावर दोन मिनिटं चालल्यावर १५० होतं. ती भीती उतरलेली आहे. म्हणून तुलना नेहमी उभ्या बीपीशी, आणि पहिल्या स्टेजनंतरच्या घसरणीला जास्त वजन. उपाशी, पाणी न पिता आलेला माणूस, प्राझोसिन किंवा टॅम्सुलोसिन घेणारा, नायट्रेट किंवा सिल्डेनाफिल घेतलेला, या सगळ्यांतही पडू शकतं.

---

टीएमटी_खोली

बाईंचं १३८ आल्यावर लगेच परत घेतलंय, १३६ आलं. कफ त्यांना बरोबर होता. पहिल्या गृहस्थांच्या दंडाचा घेर ३६ सेंमी आहे, कफचा आकार रिपोर्टवर नोंदलेला नाही पण खोलीत ॲडल्टच असतो. बार धरला नव्हता.

---

ओपीडी_सांगली

मग बाईंबाबत शंका उरत नाही. शिवाय रिकव्हरी बघा. थांबल्यावर बीपी मिनिटागणिक उतरायला हवं. तिसऱ्या मिनिटाचं भागिले पहिल्या मिनिटाचं, हे १ किंवा जास्त आलं तर ॲबनॉर्मल. १५० भागिले १४२ म्हणजे १.०६. थांबल्यावर बीपी वर चढतंय, म्हणजे श्रमात जे दबलं होतं ते आता सावरतंय. रिपोर्टमध्ये ही ओळ बहुतेक ठिकाणी कुणी वाचत नाही.

टेस्टआधी स्टेथो छातीवर लावला होता का, हेही विचारून घ्या. महाधमनीची झडप आकसलेली असेल किंवा हृदयाचा पडदा जाड झालेला असेल तरी श्रमात बीपी पडतं, धमन्या मोकळ्या असूनही. झडप आकसण्याचा तीव्र आजार असून लक्षणंही असतील तर टीएमटी करायचीच नसते. पडदा जाड होण्याच्या आजारात, विशेषतः तरुणांत, वरचं बीपी २० मिमीसुद्धा न वाढणं किंवा पीकवरून २०हून जास्त पडणं हे धोक्याचं लक्षण धरतात. इकोत दोन्ही कळतं.

---

सिस्टोलिक

पहिल्या गृहस्थांचं मी सांगतो, कारण 'हायपरटेन्सिव्ह रिस्पॉन्स' हा शिक्का आपल्याकडे चेकअप पॅकेजमध्ये फार सढळ हाताने मारला जातो.

रूढ मर्यादा अशी: पीकला पुरुषात २१० किंवा वर, स्त्रीत १९० किंवा वर. खालचं १०हून जास्त वाढलं किंवा ९०च्या वर गेलं तर तेही ॲबनॉर्मल धरतात. वरचं २५०च्या पुढं किंवा खालचं ११५च्या पुढं गेलं तर टेस्ट थांबवण्याचा विचार करायचा. बसल्या जागीच २००/११० च्या वर असेल तर त्या दिवशी टेस्ट न केलेली बरी.

पण पीकचा आकडा एकटा वाचला तर गंडवतो. १४ मेट्सपर्यंत धावणाऱ्या मॅरेथॉनवाल्याचं २२० होणं आणि ६ मेट्सवर दमलेल्याचं २२० होणं यांत फार अंतर आहे. पहिल्याने तेवढं काम केलंय, दुसऱ्याच्या नळ्या कडक आहेत. म्हणून दर मेटमागे बीपीचा चढ काढायचा: पीकमधून विश्रांतीचं बीपी वजा, भागिले पीकचे मेट्स उणे १. इथं २१६ वजा १३४ म्हणजे ८२, भागिले ९.५, दर मेटला ८.६. पुस्तकात 'दर मेटला साधारण १०' हा जुना ठोकताळा आहे, त्यात हे बसतं. मात्र अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या साडेसात हजार पुरुषांच्या अभ्यासात ६.२ च्या वर चढ असणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४.३ च्या खाली असणाऱ्यांपेक्षा २७ टक्के जास्त निघाला. त्याच अभ्यासात नुसतं पीक २१०च्या पुढं गेलेल्यांचं काही वाईट झालं नव्हतं, कारण ते जास्त वेळ चालू शकणारे होते. म्हणजे १० ला 'नॉर्मल' म्हणून झोपी जाण्यात अर्थ नाही, आणि २१६ ला बघून किंचाळण्यातही नाही.

मी पीकपेक्षा दुसऱ्या स्टेजचं बीपी आधी बघतो. सात मेट्सच्या आसपासचं काम म्हणजे रोजच्या आयुष्यात जिना, सामानाची पिशवी, बस पकडायची धावपळ. तिथं १९२ होत असेल तर दिवसातून कितीतरी वेळा होत असणार. २०१३ साली १२ अभ्यासांचं, ४६ हजारांहून जास्त माणसांचं एकत्र विश्लेषण झालं. मध्यम श्रमात बीपी अवाजवी चढणाऱ्यांत हृदयविकाराच्या घटना आणि मृत्यू ३६ टक्क्यांनी जास्त होते, वय, विश्रांतीचं बीपी, बाकीचे धोके जमेस धरूनही. कमाल श्रमातल्या बीपीबाबत तसा ठाम संबंध दिसला नाही.

यामागे बहुतेकदा छुपं बीपी असतं. ओपीडीत १३०, बाहेर दिवसभर १४५. कफ लहान होता म्हणून १०-१५ वजा केले तरी दुसऱ्या स्टेजला १८० च्या आसपास उरतंच, त्यामुळे शोध घ्यायला हवा. टीएमटी पुन्हा करू नका, त्यातून नवं काही कळणार नाही. लार्ज कफ लावून २४ तासांचं ॲम्ब्युलेटरी बीपी करा. दिवसाची सरासरी १३५/८५, रात्रीची १२०/७० किंवा पूर्ण २४ तासांची १३०/८० यांपैकी काहीही गाठलं किंवा ओलांडलं तर ते बीपीचे पेशंट आहेत, टीएमटीचा संबंध तिथं संपला. सोय नसेल तर घरी सात दिवस, सकाळी गोळ्या-चहाच्या आधी दोनदा आणि रात्री दोनदा, पाच मिनिटं बसून. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी. घरची मर्यादाही १३५/८५.

सोबत इकोत डावा कप्पा जाड झालाय का, लघवीत अल्ब्युमिन, साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन. वय तिशीच्या आत असतं तर मनगट आणि जांघेतली नाडी एकदम हाताला लावून बघायला सांगितलं असतं, कारण महाधमनी जन्मतः अरुंद असली की श्रमात वरचं बीपी असंच भडकतं. घोरणं आणि दिवसा झोप येणं विचारा. नुसत्या टीएमटीच्या आकड्यावर गोळी सुरू करायला कुठल्याही गाइडलाइनचा आधार नाही.

घरच्यांना सांगा की रिकव्हरी ठीक आहे. १८६ भागिले २०४ म्हणजे ०.९१.

---

फिजिओ_नाशिक

तोवर व्यायाम बंद करायला लावू नका, लोक वर्षभर घरी बसतात. चालणं, सायकल चालू राहू द्या, बोलता येईल इतक्या वेगात. श्वास रोखून जड वजनं उचलणं आणि लांबलचक प्लँक तेवढे थांबवा. नियमित एरोबिक व्यायामाने त्याच कामाला लागणारं बीपी कमी होतं, हे दोन-तीन महिन्यांत दुसऱ्या स्टेजच्या आकड्यावर दिसतं. अर्थात हे पहिल्या गृहस्थांसाठी. बाईंना सध्या यातलं काहीही नाही.

---

टीएमटी_खोली

समजलं. शेवटचं: मेटोप्रोलॉल चालू असलेल्यांचं बीपी कसं वाचायचं? बरेच जण सकाळची गोळी घेऊन येतात.

---

ओपीडी_सांगली

टेस्ट कशासाठी आहे त्यावर. आजार आहे का हेच शोधायचं असेल तर मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर २४ ते ४८ तास आधी थांबवतात, पण ते लिहून देणाऱ्या डॉक्टरने ठरवायचं. आधीपासून धमनीचा आजार असलेल्याने ही गोळी अचानक सोडली तर उसळी मारून पल्स-बीपी वाढतं, अँजायना (हृदयामुळे छातीत दुखणं) भडकतो. रिसेप्शनवरून फोनवर 'गोळी घेऊ नका' सांगणं म्हणूनच धोक्याचं. आजार माहीत आहे आणि औषधावर किती निभावतंय ते बघायचं असेल तर गोळी घेऊनच टेस्ट.

गोळीवर असताना पल्स आणि बीपी दोन्ही दबून चढतात. पीक १४० पर्यंतच गेलं म्हणून लगेच 'ब्लंटेड रिस्पॉन्स, कमजोर हृदय' लिहू नये. उलट गोळीवर असूनही २०० गेलं तर ते जास्त मनावर घ्या. घसरण मात्र गोळीवरही घसरणच. वाढ कमी होणं औषधाने समजू शकतं, चढलेलं परत उभ्या बीपीच्या खाली येणं नुसतं औषधावर ढकलू नये.

---

कफ_मोठा_द्या

आणि रिपोर्टवर शेवटची गोळी कुठली, किती वाजता, हे लिहायची सवय लावा. बाईंच्या रिपोर्टवर निष्कर्षाची ओळ साधारण अशी हवी होती: "दुसऱ्या स्टेजमध्ये वरचं बीपी १५६ वरून १३८, पुन्हा घेतलं १३६, उभं राहून १४४. सोबत व्ही४-व्ही६ दीड मिमी आडवं एसटी डिप्रेशन आणि धाप, म्हणून टेस्ट थांबवली. रिकव्हरी ३ मिनिटं/१ मिनिट १.०६. सकाळी टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन घेतलेलं/नाही. कफ ॲडल्ट, उजवा दंड. डॉक्टरांना इतक्या वाजता फोनवर कळवलं." टेल्मिसार्टनची वेळ या रिपोर्टवरही नाही, ती आज विचारून भरा.